सोबतीचे तास

मेणाची हिरडी कोरता कोरता तिचा हात मध्येच थांबला, आणि का थांबला हे तिला चटकन कळेना. काही पडलं नव्हतं, कोणी हाक मारली नव्हती. समोर स्पिरिटचा दिवा नेहमीसारखा निळसर जळत होता, शेजारच्या टेबलावर पॉलिशचं चाक घरघरत होतं, आणि ओल्या प्लास्टरचा तो गार वास खोलीभर पसरला होता. त्या वासाची तिच्या नाकाला इतकी सवय झाली होती की घरी गेल्यावर तिला तो नसल्याचाच वास यायचा. मग तिच्या लक्षात आलं. फोन वाजला नव्हता. आज वाजला नव्हता, काल वाजला नव्हता, आणि मागे मागे जाऊन आठवायला लागली तर शेवटचा कधी वाजला होता तेच आठवेना. खरं तर एखादीने यावर हुश्श केलं असतं, पदरात पडलेला दिवस मुकाट्याने घेतला असता. तिने मात्र फोन उचलून तो बंद तर पडला नाही ना, ते पाहिलं.

तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, आणि त्यावरून ती आणि तिच्यासारखे आणखी काही जण एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्याफेक दिव्यांखाली बसून, कधीही न पाहिलेल्या माणसांचं हसू तयार करत. कामाच्या वेळी फोन खणात ठेवायचा असा मालकांचा नियम होता. तिचा तेवढा टेबलावर, प्लास्टर कालवायच्या रबरी वाटीशेजारी, तोंड वर करून पडलेला असायचा. ही सवलत मालकांनी कधी दिली असंही नाही. एकदा तो खणात वाजत राहिला आणि तिचा चेहरा पाहून त्यांनीच खण उघडून फोन वर आणून ठेवला, तो तिथेच राहिला. वाजला की ती हातातलं सगळं टाकून उचलायची. “तुम्ही गिरकीच्या आई ना?” वर्गाच्या बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं. जणू आज ती दुसऱ्याच कोणाची आई निघेल अशी दोघींनाही अंधुक आशा असायची. गिरकी कपाटावर चढली आहे आणि उतरत नाही. गिरकीने पुढच्या मुलीची वेणी खुर्चीला बांधली आणि विचारलं तर म्हणते, मला आठवत नाही. गिरकी तास चालू असताना उठून गेली ती मैदानावरच्या नळाखाली सापडली. वाच म्हटलं की तिचं पोट दुखतं. ती रडते आहे आणि का ते सांगत नाही. दाखल्यावरचं नाव वेगळं होतं, चांगलं भारदस्त होतं, पण चालायला लागल्यापासून एकही खोली तिने स्वतःभोवती फिरल्याशिवाय ओलांडली नव्हती. घरातलं हे लाडाचं नाव तिच्या मागोमाग शाळेतही गेलं आणि तिथे ते लाडाचं राहिलं नाही.

शांततेची तिला भीती वाटण्याला कारण होतं. मागच्या वर्षीही एकदा फोन असेच बंद झाले होते. तेव्हा ती भाबडेपणाने खूश झाली होती. घरी येताना तिने फुलं आणली होती, नवऱ्याला म्हणाली होती, “रुळली वाटतं एकदाची.” गिरकीही शाळेतून येऊन गप्प बसायची, चित्रं काढायची, कागदामागून कागद. इतके कागद कुठून येतात हे तिने विचारलं नाही. मग एके दिवशी विसरलेला डबा द्यायला ती शाळेत गेली. व्हरांड्यात, शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर गिरकी एकटी बसली होती, मांडीवर कोरे कागद, खडूंची पेटी शेजारी. शेजारच्या खोलीत वर्ग चालला होता. गिरकीने वर पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, “मी इथेच असते.” बाई धावत बाहेर आल्या, म्हणाल्या, “तिलाच बरं वाटतं इथे, आणि बाकीच्यांनाही शिकता येतं.” बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या वर्गात पोरं भरपूर होती आणि घसा बसलेला होता. पण ते दोन शब्द, ‘इथेच असते’, तिच्या कानात खड्यासारखे रुतून बसले. त्या वर्षी शांतता होती म्हणून ती सुखात होती, आणि शांतता होती ती गिरकीला कोणी मोजतच नव्हतं म्हणून.

तिने चाकू खाली ठेवला. सत्र संपत आलं होतं. गिरकीला वर्गात मदतीला एक बाई द्यायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, ‘एक सत्र करून बघू, मग ठरवू.’ मग म्हणजे आताच की. ठरवलं असेल त्यांनी. ठरवून मोकळे झाले असतील, आणि आईला नंतर कळवू, असं म्हणून फोनही बंद केले असतील.

“जरा जाऊन येते,” ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाली. त्याला सगळे चकाकी म्हणत. तो कवळ्यांना चकाकी आणायचा म्हणून, की त्याच्या डोक्यालाच ती जात्या होती म्हणून, हे कोणीही त्याला विचारलं नव्हतं.

“कुठे?” चाकावरची नजर न काढता चकाकी म्हणाला.

“शाळेत.”

“फोन आला?”

“नाही आला.”

“मग?”

“म्हणून तर.”

चकाकीने चाक बंद केलं. तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, त्यातून काही अर्थ निघतो का ते पाहिलं. “जा,” म्हणाला. “मेण झाकून ठेवतो. मालकांना सांगतो, डोकं दुखत होतं.”

“खरंच दुखतंय.”

“मग तर काही प्रश्नच नाही.”

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दुपारी बसला गर्दी नव्हती. या बसची आणि तिची जुनी ओळख. मागच्या वर्षी दर आठवड्याला ती याच बसने शाळेत गेली होती, आणि दर वेळी याच रस्त्यावर, त्या मोठ्या औषधाच्या दुकानापासून पुलापर्यंत, मुख्याध्यापिकांना काय सांगायचं त्याची मनात उजळणी केली होती. एक वाक्य तिला फार सुचलं होतं. ‘बाई, मी कवळ्या करते, एका माणसाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, मग एकच शाळा सगळ्या मुलांना कशी बसेल?’ पुलावर तिला ते वाक्य इतकं आवडायचं की डोळ्यांत पाणी यायचं. प्रत्यक्ष खोलीत गेल्यावर मात्र ते तिच्याच्याने कधीच बोलवलं नाही. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर अर्धवट प्यालेला चहा असायचा, त्यांचा चष्मा एका काडीला दोऱ्याने बांधलेला असायचा, आणि अशा बाईसमोर वक्तृत्व स्पर्धेतलं वाक्य कसं म्हणणार? मग ती नुसतीच म्हणायची, “तिला मदत लागेल. एकटीला जमणार नाही तिला.” मुख्याध्यापिका म्हणायच्या, “मला पटतंय हो. पण एकीला दिलं की सगळे मागतील.” ती म्हणायची, “मागू देत. मी पुढच्या आठवड्यात येते.” आणि यायची. पुढे पुढे शिपाई तिला पाहिलं की न विचारताच दार उघडायला लागला. वरच्या कार्यालयातून मंजुरी यायला उशीर लागला, तेव्हा मुख्याध्यापिकांनीच एकदा तिच्यादेखत तिकडे फोन लावला आणि त्या दमलेल्या बाईच्या तोंडून असा आवाज निघाला की ती थक्क झाली. “ही आई माझ्यासमोर बसली आहे,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “आणि ती उठणार नाही. मी तिला ओळखते.” एवढं कौतुक तिचं लग्नातही कोणी केलं नव्हतं.

त्याआधी मानसतज्ज्ञ. एक तरुण बाई, पायात पळायचे बूट, केस कसेतरी वर बांधलेले. ती जमिनीवर बसून गिरकीशी बराच वेळ खेळली, ठोकळे, चित्रं, शब्द, उलट सुलट आकडे. गिरकी मधूनच उठून खोलीभर फिरून यायची आणि ती बाई थांबायची, नुसती थांबायची, जसं कोणी रस्ता ओलांडणाऱ्यासाठी थांबतं तसं. नंतर गिरकीला बाहेर माशांच्या टाकीपाशी पाठवून तिने सांगितलं. एडीएचडी, आणि त्याच्याबरोबर वाचनाची अडचण. त्या चार अक्षरांचा तिला अर्थ लागेना. पण मग ती बाई म्हणाली, “हिचं लक्ष कमी नाही. ते सगळीकडे एकदम जातं. आणि छापलेली अक्षरं हिला लवकर ओळख देत नाहीत. ही पोरगी दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळते आहे, रोज, सकाळपासून. दमत असेल हो.” एडीएचडी ऐकून ती रडली नव्हती. ‘दमत असेल हो’ म्हटल्यावर तिचा बांध फुटला. तोवर तिच्या मुलीबद्दल लोकांनी काय काय म्हटलं होतं, ऐकत नाही, वाह्यात आहे, जरा धाकात ठेव, हे तर नणंद फोनवर दर रविवारी. पण ती दमते, हे कोणी म्हटलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते सुचलं नव्हतं.

नवऱ्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मीही असाच होतो. माझं कुठे काय अडलं?” तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच संध्याकाळी घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या शेजारी सापडल्या होत्या, आणि त्या तिथे कोणी ठेवल्या हे तिघांनाही ठाऊक होतं. तो विषय त्याने टाळलाच. भेटींना आला नाही, कामाची सबब सांगितली. मग एका सुट्टीच्या दिवशी तो कामावरून जाड रबराची एक पट्टी घेऊन आला. कुठली ते त्याने सांगितलं नाही. खाली बसून त्याने ती गिरकीच्या खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना ताणून बांधली. गिरकी खुर्चीवर बसली, तिने पट्टीवर पाय टेकले, दाबले, सोडले, पुन्हा दाबले. ती पायाने पट्टी ढकलत राहिली आणि वरचं अंग जागेवर राहिलं. जेवण संपेपर्यंत ती उठली नाही. “मी लहानपणी टेबलाच्या दांडीला पाय लावून बसायचो,” तो ताटाकडे पाहत म्हणाला, “नाहीतर बसवायचंच नाही.” एवढंच. पुढे तो शाळेतल्या खुर्चीसाठी दुसरी पट्टी घेऊन स्वतः गेला, आणि परत आल्यावर मुख्याध्यापिका बऱ्या आहेत असं म्हणाला.

उतरून ती जवळजवळ पळतच गेटपाशी गेली. पहारेकऱ्याने वही पुढे करायच्या आतच ती आत शिरली होती. आधी व्हरांडा. शिक्षकांच्या खोलीबाहेरचं बाक तिथेच होतं, पण त्यावर कोणी नव्हतं. कुंड्या ठेवल्या होत्या, पाणी घातलेल्या, बाकाखाली ओघळ आलेला. तिने उगाच एका कुंडीच्या काठाला हात लावला. मग वर्गाच्या दाराशी गेली. दाराला वरच्या अंगाला काच होती आणि टाचा उचलल्याशिवाय तिला दिसत नव्हतं. टाचा उचलून तिने पाहिलं. गिरकीच्या खुर्चीला रबराची पट्टी होती, खुर्चीत गिरकी नव्हती. क्षणभर तिला आतलं काहीच दिसेना, नुसती डोकी, डोकी, एकही तिची नाही. मग अगदी मागे, खिडकीच्या अंगाला, एक उंच टेबल दिसलं आणि त्या टेबलापाशी उभी गिरकी. उभी राहून लिहीत होती. एक पाय दुसऱ्या पायावर घासत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. मध्येच तिने मान वर केली, खिडकीतून बाहेर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कोणीही काही न म्हणता पुन्हा खाली पाहून लिहायला लागली. ते परत येणं पाहायला तिने काचेला नाक लावलं. आणि लगेच दुसरी गोष्ट दिसली. गिरकीशेजारी कोणी नव्हतं. ज्यांना गिरकी सोबतबाई म्हणायची, ज्यांना मिळवायला वर्ष गेलं, त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका वेगळ्याच मुलीशेजारी छोट्या स्टुलावर बसल्या होत्या.

काढून घेतल्या. तिला वाटलं होतं तेच. समोर पोर शांतपणे गणित करते आहे, हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोळ्यांचं ऐकायला आत कोणी रिकामं नव्हतं. आत सगळे कंबर कसत होते.

“अहो, तुम्ही?” मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या. “फोन गेला की काय तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली. “सोबतबाई काढल्यात का तुम्ही?”

मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नवा चष्मा होता, दोरा नव्हता. “आत या,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बोलवणारच होते या आठवड्यात. आलात ते बरं झालं. पण आधी बसा, आणि पाणी प्या.”

ती बसली नाही. पाणी मात्र प्यायली, घटाघटा. मुख्याध्यापिकांनी शिपायाकडून सोबतबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या. मध्यम वयाच्या, बारीक, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हाताला शाई.

“काढलं नाही कोणी,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पण तास कमी करावे असं आमच्या मनात आहे. गिरकीला आता पूर्वीएवढे लागत नाहीत. आणि वर्गात ती नवीन आलेली मुलगी आहे, तिला फार लागतात. दुसऱ्या बाई मिळेपर्यंत यांनाच वाटून घ्यावं लागेल.”

‘वाटून’ हा शब्द तिच्या अंगावर आला. ज्या गोष्टीसाठी वर्षभर बसच्या खिडकीला डोकं टेकून वाक्यं जुळवली ती गोष्ट आता वाटून. तिला पुलावरचं ते वाक्य आठवलं, आणि नवलच, आता ते सहज बोलता आलं असतं, जिभेवर आलं होतं. पण त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर ती दुसरी मुलगी आली, स्टुलाशेजारची. काचेतून तिने तिचा चेहरा पाहिला नव्हता, फक्त पाठ. खांदे कानांपर्यंत वर ओढलेली पाठ. ती पाठ तिच्या ओळखीची होती. त्या पोरीचीही कोणी आई असेल, तिचाही फोन कुठल्यातरी टेबलावर तोंड वर करून पडला असेल. वाक्य जिभेवरून मागे गेलं. भांडायचं कोणाशी? आणि न भांडता खुर्चीत बसायचं कसं, हे तिच्या पायांना आठवेना.

“तिला विचारलंत?” ती म्हणाली.

“कोणाला?”

“गिरकीला.”

मुख्याध्यापिकांनी सोबतबाईंकडे पाहिलं. “बोलवा,” त्या म्हणाल्या. “विचारू.”

गिरकी दारातून आडवी आत आली, स्वतःभोवती एकदा फिरली, आणि आईला पाहून जागच्या जागी थिजली.

“कोण मेलं?”

“अगं! कोणी नाही.”

“मग तू कशाला आलीस?”

“सहज.”

“सहज कोणी येत नाही शाळेत,” गिरकी म्हणाली, आणि मुख्याध्यापिकांना हसू आवरेना.

सोबतबाई वाकून तिच्या उंचीवर आल्या. “हे बघ, माझे तास थोडे कमी करावे असं चाललंय. तुला कुठे लागतात, कुठे नाही, तूच सांग. खरं सांग, मला वाईट वाटणार नाही.”

गिरकीने टेबलाची कड धरली आणि ती पुढेमागे झुलायला लागली. तिला विचार करायचा असला की हे लागायचं, आता ते तिघींनाही माहीत होतं आणि तिघीही थांबल्या. “वाचनाला हव्यात,” ती म्हणाली. “वाचनाला सगळ्याच्या सगळ्या हव्यात. एक पण कमी नको. गणिताला नकोत.”

“का गं?”

“गणिताला तुम्ही माझ्या आधी श्वास घेता.”

“म्हणजे?”

“मी चुकणार असले ना, की तुम्ही असं करता.” गिरकीने नाकाने हळूच हवा आत ओढून दाखवली, हुबेहूब. “मग मला कळतं आता चुकणार. मग मी खोडते. मग ते माझं गणित राहतच नाही.”

सोबतबाईंनी कपाळाला हात लावला आणि शाईचा डाग कपाळावर उमटला. “हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ती मुलीकडे पाहत राहिली. वाचायचं म्हटलं की पोटाशी हात धरून बसणारी ही, वाचनाचे तास असे मागते आहे, एक पण कमी नको. घरी संध्याकाळी गिरकी पुस्तकातल्या एकेका ओळीखाली फूटपट्टी सरकवत, दर शब्दाला दम खात वाचायची, तेव्हा तिला वाटायचं, बिचारीला किती त्रास. त्या त्रासात पोरीला काही मिळत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आणि फोन?” तिने विचारलं. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. “फोन का बंद केलेत? मला वाटलं, तुम्ही नाद सोडलात तिचा.”

मुख्याध्यापिका काही बोलणार तोच सोबतबाई म्हणाल्या, “तो तिचाच हुकूम. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, तुला इथे काय काय हवं. खिडकी म्हणाली, उभं राहायला टेबल म्हणाली. आणि म्हणाली, आईला फोन करायचा नाही.”

“का पण?”

“तुझा हात हलतो,” गिरकी म्हणाली. झुलणं थांबलं होतं. “मी आले होते ना सुट्टीत तुझ्याकडे. फोन आला बाबांचा, नुसता बाबांचा, आणि तुझा चाकू असा गेला. चकाकीकाका म्हणाले, गेला आजोबांचा दात. तू ते सगळं परत केलंस, जेवली पण नाहीस. आता काही झालं की आधी सोबतबाईंना सांगायचं, मग आमच्या बाईंना. आणि रक्त आलं तर तुला.”

खिडकीबाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली. तिला तो दिवस आठवत होता, तो वाकडा गेलेला दात आठवत होता. पण टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बसलेली, एका जागी क्षणभर न ठरणारी आपली पोर तेव्हा आपला हात पाहत होती हे तिला आठवत नव्हतं. इतकी वर्षं ती या मुलीकडे बघत आली, डोळ्यांत तेल घालून. आणि तिकडूनही कोणी बघत होतं. तिला लाज वाटायला हवी होती असं तिला वाटलं. पण वाटत होतं ते वेगळंच होतं, थंडीच्या दिवसांत कोणी अंगावर हळूच शाल टाकावी आणि आपल्याला थंडी वाजत होती हे तेव्हा कळावं, तसं.

ती खुर्चीत बसली.

“वाचनाचे सगळे तास तसेच,” ती म्हणाली. “गणिताचे त्या मुलीला द्या. आणि ही घसरली तर?”

“घसरली तर परत देऊ.”

“मी विचारायला येईन.”

“तुम्ही याल हे काय मला सांगायला हवं?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तुमची खुर्ची आहे इथे.”

गिरकीचं लक्ष तोवर उडालं होतं. टेबलावरचा कागददाब उचलून ती त्यातला बुडबुडा उजेडात फिरवत होती. “जाऊ मी? माझं एक गणित राहिलंय,” तिने विचारलं, आणि कागददाब जागेवर ठेवून, परत दोन पावलं मागे येऊन तो सरळ करून, ती गेली.

बाहेर ऊन मऊ झालं होतं. कामावर परत जायचं आणि शाळा सुटताना रोजच्यासारखं गिरकीला न्यायला यायचं, म्हणून ती बसमध्ये बसली. चकाकीला फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे. तो म्हणाला, “मग डोकं थांबलं का?” ती म्हणाली, थांबलं. खिडकीची काच उन्हाने तापली होती आणि तिने गाल टेकवला. तिला कसला तरी विचार करायचा होता. सवयीने ती तो शोधायला लागली, आता काय राहिलं, कोणाला काय सांगायचं, कोण काय म्हणेल, आणि हाताला काही लागेना. खणामागून खण उघडावा आणि सगळे रिकामे, पुसून ठेवलेले निघावे, तसं. एका गच्चीवर कोणी बाई कुंडीला पाणी घालताना दिसली, पाण्याची धार उन्हात क्षणभर चमकली.

“ताई, गाडी पुढे जात नाही.”

ड्रायव्हर वाकून तिच्याकडे पाहत होता. बसमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बाहेर एक मोठं फरशीचं पटांगण, रांगेने उभ्या बसगाड्या, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली एक बाई रबरी नळीने एका बसचं तोंड धूत होती. गालावर काचेच्या चौकटीचा वळ उमटला होता, तो तिला बोटांना लागला. दिवसाउजेडी, चारचौघांत, तोंड उघडं टाकून ती झोपली होती. पिशवी मांडीवरून घसरून पायाशी पडली होती आणि फोन पिशवीत, तळाशी, डब्याखाली कुठेतरी होता. तिने शोधला नाही. शाळा सुटली असणार, हे मात्र ऊन बघून कळत होतं. परतीची गाडी सुटायला वेळ होता. ती तिथेच बसून त्या बाईचं बस धुणं बघत राहिली, काचांवरून पाणी उतरत होतं, आणि तिला हसू येत होतं, एकटीलाच, आवाज न करता.

ती शाळेत पोचली तेव्हा मैदान रिकामं होतं. गेटच्या आत, पहारेकऱ्याच्या स्टुलावर गिरकी बसली होती, नव्हे, स्टुलावर पोट टेकवून हातपाय पसरून तरंगत होती. आईला पाहताच ती खाली उतरली, दप्तर पाठीला लावलं, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

“तुझं लक्ष कुठे होतं?”

पहारेकऱ्याने मान वळवून किल्ल्यांचा जुडगा मोजायला घेतला.

“झोप लागली,” ती म्हणाली. “बसमध्ये.”

“दिवसा?”

“दिवसा.”

“मग?”

“मग शेवटच्या थांब्यावर गेले. तिथे बस धुतात.”

गिरकीने यावर विचार केला. एका पायावरून दुसऱ्या पायावर, परत पहिल्यावर. मग तिचा चेहरा एकदम समजूतदार झाला आणि आवाजही निराळा झाला, बहुधा सोबतबाईंचा घेतलेला, पण आता तिला नीट बसलेला. “हरकत नाही,” ती म्हणाली. “होतं असं. सुटलं जिथे तिथून परत धरायचं. कुठे सुटलं?”

रस्ता ओलांडताना तिने आईचा हात धरला. आईला खरंच आठवावं लागलं. “गच्चीवर एक बाई कुंडीला पाणी घालत होती,” ती म्हणाली. “बहुतेक तिथे.”

“मग तिथून सांग.”

तिने सांगायला घेतलं. ती बाई, ती धार, मग काहीच नाही, मग ड्रायव्हर, मग ते भलंमोठं पटांगण आणि बसगाड्यांची धुतलेली तोंडं. गिरकी तिच्याबरोबर चालत, तोंड वर करून, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होती, कोपऱ्यावर कान पडलेलं एक कुत्रं दिसेपर्यंत.